पेटीतले भोकाचे पैसे

आमच्या घरात कुठलाही डबा तळापर्यंत रिकामा करायचा नाही, असा आईचा दंडक होता. तांदूळ, कुळीथ, साखर, अगदी मिठाची बरणीसुद्धा. डबा धुवायला काढायचा असला तरी आधी चार दाणे वाटीत बाजूला काढायचे, डबा उन्हात वाळला की तेच पहिले आत टाकायचे आणि मग वाण्याकडचं नवं भरायचं. "डबो खडखडलो की घराक कळता," असं ती म्हणायची. मी आणि सुहासदादा तिला चिडवायचो, "घराला कान आहेत का गं?" त्यावर ती लाटणं उगारायची आणि हसायची. पण चिडवता चिडवता आम्हालाही ती सवय लागली. बिस्किटाच्या पुड्यात शेवटचं बिस्किट आम्ही दोघंही सोडून द्यायचो, आणि मग ते मऊ पडून मुंग्या लागेपर्यंत तसंच राहायचं.

घर म्हणजे घाटकोपरच्या टेकडीवरची एक खोली, एक स्वयंपाकघर आणि वर आडवा पोटमाळा. विमानं आमच्या पत्र्यावरून इतकी खाली उतरायची की बोलणाऱ्याने तेवढ्यापुरतं थांबायचं आणि विमान गेलं की राहिलेलं वाक्य पुढे चालू करायचं. पाहुण्यांना ते फार विचित्र वाटे. बाबा मरोळला एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. आई पहाटे पाचला पोळीभाजी केंद्रात जायची आणि दुपारी दोनला पिठाचा वास घेऊन परत यायची. शेकड्याने पोळ्या लाटून आल्यावर घरी ती पोळी म्हणून करत नसे. आमच्याकडे उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, बांगडे स्वस्त असले की बांगड्याचं तिखलं, आणि कोणी आजारी पडलं की पेज.

छापखान्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर बाबांनी रिक्षात घालून आणला होता. दादाने तो उघडून, पुसून, कुठून कुठून तुकडे मिळवून चालू केला. तेव्हा तो डिप्लोमाला होता आणि मी बारावीला. त्या कॉम्प्युटरवर तो एक खेळ खेळायचा. खरं तर एक नव्हे, तीन भागांची मालिका होती. किल्ले, जादूगार, दलदलीतले राक्षस, आणि त्यातून तलवार घेऊन हिंडणारा आपला माणूस. बाबा त्याला 'ता राकसाचा' म्हणायचे. मला राक्षसांपेक्षा तिथल्या पैशांचं कौतुक जास्त. त्या नाण्याला ऑरिन म्हणत. पिवळंजर्द नाणं, मधे चौकोनी भोक. आईने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर भोकाचे पैशे. माझ्या आजयेकडे होते." झालं, तेव्हापासून आमच्या घरात ते भोकाचे पैसे. पाव दोनला, धर्मशाळेत रात्रभर मुक्काम पाचला, आणि हे भाव तिन्ही भागांत तेच. "बघ वंदू," दादा मला म्हणायचा, "ह्यांच्या गोष्टीत तीनशे वर्षं गेली, पाव दोनलाच. आपल्या पाववाल्याला दाखव जरा." काही विकलं की नाणी पडल्याचा खुळ्ळकन आवाज यायचा आणि आई आतून ओरडायची, "कोणाचे रे पैशे पडले?" तिला माहीत असायचं, तरी ओरडायची.

तिसरा भाग इंटरनेटवर खेळायचा होता, फुकट. गल्लीत केबलवाल्याने नेटची वायर नुकतीच फिरवली होती. त्यात चार जणांपर्यंत मिळून एक घर घेता यायचं आणि त्या घरात एक पेटी असायची. घरातल्या कोणीही तीत पैसे ठेवावेत, कोणीही काढावेत. पेटीवर फक्त आत किती आहेत तेवढा आकडा दिसे. कोणी ठेवले, कोणी काढले, ते दिसत नसे. दादाने त्याचा माणूस केला, माझी एक बाई केली, आणि गंमत म्हणून आईचीही एक म्हातारी करून ठेवली, हातात काठी, अंगावर लाल घोंगडी. तिचं नाव त्याने 'आवस' ठेवलं. आवस म्हणजे आमच्या मालवणीत आई.

भांडण झालं ते परीक्षेवरून. दादा दोन सहामाह्या परीक्षेला बसलाच नव्हता आणि हे बाबांना छापखान्यात दुसऱ्याच कोणाकडून कळलं. बाबा दुपारीच घरी आले ते चपला न काढताच आत आले. मी पोटमाळ्यावर होते, मला वरून दोघांची डोकी दिसत होती. बाबा ओरडले, "ह्यो खेळ तुका जेवूक घालतलो काय?" दादा म्हणाला, "घालेल. तुमच्याकडे नाही मागणार." बाबा म्हणाले, "मगे जा. ह्या घरात परत ताट मांडूक येव नको." मधेच विमान आलं. एरवी आम्ही थांबायचो, पण त्या दिवशी दोघं विमानाच्या आवाजातही बोलत राहिले, आणि तेवढ्यात काय बोलले ते मला आजही माहीत नाही. विमान गेलं तेव्हा दादाच्या पाठीवर दप्तर होतं. आई केंद्रातून यायची होती. ती आली तेव्हा तो गल्लीच्या पार गेला होता.

तो गेला तो गेलाच. आता मी चाळिशी ओलांडली आहे आणि दादा परत आलेला नाही. मित्रांकडे पाहून झालं, गावी फोन झाले, पोलिसांत तक्रार झाली. बाबा दर रविवारी त्याचा फोटो वरच्या खिशात घालून निघायचे आणि कुठे जातात ते सांगायचे नाहीत. परत आले की पाय धुवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्या पायांकडे पाहून रडूही यायचं. आई त्यांना एका शब्दाने बोलली नाही, हे मला जास्त भीतीचं वाटायचं.

महिना-सव्वा महिना गेला असेल. एका दुपारी मी उगीच तो खेळ उघडला. पेटीत सहाशे ऑरिन होते, हे मला पक्कं आठवत होतं, कारण ते मीच साठवले होते. आकडा होता पाचशे तीस. मला वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी चारशे साठ. मी वेड्यासारखी आईला हाक मारली. कोण केव्हा खेळतोय ते लपवायची सोय त्या खेळात होती आणि दादाने ती वापरली होती, म्हणून तो दिसत नव्हता. मी त्याला खेळातूनच पत्रं लिहिली, 'दादा कुठे आहेस, आई जेवत नाही.' उत्तर आलं नाही. पण पैसे कमी होत राहिले, आणि मी मुद्दाम भर घातली नाही तेव्हा एके दिवशी पेटीत बरोबर पाच उरले आणि ते पाच तसेच राहिले. आईने पदर तोंडाला लावला. "तोच तो," ती म्हणाली. "पाच ठेवल्यान बघ. डबो खडखडूक देऊचो नाय." बाबांनी ही गोष्ट तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला सांगितली. तो हसला नाही, पण त्याने ती लिहूनही घेतली नाही.

त्यानंतर आई खेळायला शिकली. हे कोणाला सांगितलं तर हसतील, आणि हसण्यासारखं होतंच. बेचाळीस वर्षांची बाई, नाकावर पिठाचा ठिपका, दोन बोटांनी बटणं दाबतेय आणि पडद्यावर लाल घोंगडीतली म्हातारी रानडुकराच्या मागे काठी घेऊन पळतेय. डुक्कर मारलं की कातडं, ते व्यापाऱ्याला विकलं की आठ ऑरिन. व्यापारी नेहमी आधी सहाच सांगायचा आणि आई पडद्याला म्हणायची, "मेल्या, मघाशी आठ दिलंस मां?" सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे मासे नसत, म्हणून त्या वारी आई शिकारही करत नसे. त्या दिवशी म्हातारी फक्त पाला आणि आळंबी गोळा करायची. एका पेंडीला एक ऑरिन, त्यामुळे दोन तास राबायची. संध्याकाळी सहाच्या आत ती सगळे पेटीत ठेवायची, कारण सातला बाबा यायचे आणि त्याआधी स्वयंपाक व्हायला हवा असे. दुसऱ्या दिवशी केंद्रातून आली की चप्पल काढायच्या आधी तिचा प्रश्न असायचा, "घेतल्यान?" मी सांगायचे, हो. "पाच ठेवल्यान?" हो, पाच ठेवलेत. मग ती हात धुऊन जेवायला बसायची. मी एकदा म्हटलं, आई, ते खरे पैसे नाहीत गं, त्याने त्याचं पोट नाही भरत. ती म्हणाली, "माका म्हायत आसा. पण तेका कळता मां, घरात तेच्यासाठी ठेवतत." दोन महिने असे गेले. घरात परत भांड्यांचा आवाज यायला लागला होता.

मग एके दिवशी पैसे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशीही. आई भर घालत राहिली. दोनशे, तीनशे, चारशे. आकडा वाढायला लागला तशी तिची जेवायची इच्छा गेली. घास तोंडात नुसता फिरत राहायचा. "तेका बरा नसात," ती म्हणायची, "पेज कोण दितलो तेका?" नवव्या दिवशी ती केंद्रात तव्यापाशीच कोसळली. दोन बायकांनी तिला रिक्षातून घरी आणलं, हाताला भाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, खायला घाला. खायला घाला म्हणणं सोपं.

दहाव्या दिवशी सकाळी आई पडून होती आणि मी कॉम्प्युटर चालू केला. माझ्या बाईला घरात नेलं, पेटी उघडली आणि सगळे पैसे काढून घेतले. सगळे म्हणजे पाच सोडून. पाच मी मोजून ठेवले, दादासारखे. मग आईला हलवून उठवलं आणि म्हटलं, "आई, घेतले. पाच ठेवलेत." ती उठून बसली. त्या दिवशी तिने दोन घावणे आणि गुळाचा चहा घेतला, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही सांगितलं पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलीने आईला परत जेवायला बसवलं होतं.

आठवडाभरच करायचं, असं ठरवलं होतं. पण आठवड्यात कोण थांबतं? आई संध्याकाळी ठेवायची, सकाळी ती कामाला गेली की मी काढून घ्यायचे, पाच सोडून. माझ्या बाईकडे ढीग साचला. त्यातला एक ऑरिनसुद्धा मी कधी खर्च केला नाही, जणू तेवढ्याने माझं काही स्वच्छ राहणार होतं. दादा आता खेळत नाही, त्याचं लक्ष उडालं असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या शहरात त्याला काम लागलं असेल, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यापलीकडचा विचार मी करत नव्हते. एकदा आदल्या संध्याकाळी टेकडीवर लाईट नव्हते, मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते आणि आईने काही ठेवलं नसेल असं समजून सकाळी मी पेटी बघितलीच नाही. दुपारी कॉलेजातून आल्यावर सहज उघडली तर आत तीनशे सतरा. मला वाटलं, लाईट आल्यावर आई मागाहून बसली असणार, चांगलीच दमली असेल. मी तीनशे बारा काढून घेतले. त्या दुपारी आईने नेहमीचा प्रश्न विचारला नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

वर्ष उलटल्यावर एका शनिवारी खेळात नवी सोय आली. पेटीतल्या चोऱ्यांवरून खेळणाऱ्या लोकांत फार भांडणं होत होती म्हणे, म्हणून आता पेटीच्या शेजारी एका छोट्या वहीचं चित्र दिसायला लागलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र तिच्या लगेच लक्षात आलं. "ह्या काय नवीन?" ती म्हणाली. मी तिच्या बाजूला होते, बाबांना सुट्टी होती, ते खाटेवर पेपर वाचत होते. मी ते दाबलं.

आजवर पेटी ज्याने ज्याने उघडली, त्याचं नाव, दिवस, वेळ, आत किती होते, किती घेतले किंवा ठेवले, सगळं पहिल्या दिवसापासून ओळीने आलं. घर सोडल्यानंतरही काही महिने दादाचं नाव होतं, नेहमी दुपारी बारा ते एकच्या मधे. सायबर कॅफेत दुपारचा दर निम्मा असायचा. मला इतका आनंद झाला की मी आईचा दंड धरला. तोच होता, खरंच तोच होता. मग नऊ दिवस त्याचं नाव नाही. मग दहाव्या दिवशी सकाळी माझं.

आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी दादाचं. आत पाच. घेतले शून्य.

मला ती ओळ दोनदा वाचावी लागली. तो नऊ दिवस कुठे होता देव जाणे, आजारी असेल, पैसे नसतील, पण दहाव्या दिवशी तो आला होता. जाताना त्याने पाच ठेवले होते आणि आल्यावर त्याला पाचच दिसले. म्हणजे मधल्या दिवसांत घरातून कोणी काही ठेवलंच नाही, असं. तीन दिवसांनी तो परत आला. आत पाच. पुढच्या आठवड्यात दोनदा आला. आत पाच. आई संध्याकाळी ठेवत होती, मी सकाळी उचलत होते, आणि तो दुपारी येऊन स्वतःचेच पाच बघून जात होता. सात वेळा. आठव्या वेळी त्याने काही घेतलं नव्हतं, ठेवलं होतं. तीनशे बारा. त्याच्याकडे होते नव्हते तेवढे असतील. घरच्यांकडेच संपले असं त्याला वाटलं, की तो आमचा निरोप घेत होता, ते मला आजवर कळलेलं नाही. त्याच्या खालची ओळ माझी होती. घेतले तीनशे बारा. दोन ओळींत अठरा मिनिटांचं अंतर होतं. अठरा मिनिटांपूर्वी माझा भाऊ कुठल्यातरी खुर्चीवर बसून ह्याच पेटीत वाकून पाहत होता, कदाचित मी उघडली तेव्हाही तो तिथेच बसलेला असेल. दुसऱ्या दिवशी तो शेवटचा आला. आत पाच. त्याचे पैसे घरच्यांनी घेतले होते आणि एक शब्दही पाठवला नव्हता. त्यानंतर वहीत आई आणि मी, आई आणि मी, खाली शेवटपर्यंत.

"काय लिवलला आसा?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "दादाचं नाव आहे, आई. तोच यायचा."

"तोच घेय?"

"तोच."

"सगळे?"

"सगळे," मी म्हटलं.

आईने डोळे मिटले आणि पडद्याला हात जोडले, देव्हाऱ्यापुढे जोडते तसे. "मगे तेका कळला आसात," ती म्हणाली, "घरात कोण रागावलला नाय ता."

बाबांनी पेपर खाली केला नाही. पेपरामागून त्यांचा आवाज आला, "शेवटचो केदवा इल्लो?" मी खाटेपाशी जाऊन, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांना तारीख सांगितली, ती तेवढी खरी सांगितली. ते उठले, शर्ट चढवला, फोटो खिशात आहे का ते चाचपलं आणि शनिवार असूनही बाहेर पडले. आई मला म्हणाली, "सरक गो, माका बसांदे." तिने तिची म्हातारी रानात नेली आणि डुकराच्या मागे लावली. त्या दिवसापासून मी पेटीला हात लावला नाही. पेटी भरत गेली आणि आईला मी सांगितलं की दादाला आता चांगली नोकरी लागली असेल, त्याला गरज नसेल. तिने ते मानलं. काही वर्षांनी कंपनीने तो खेळ बंद केला, पेटीसकट.

बाबा आता नाहीत. आई माझ्याकडे बोरिवलीला असते, तिला नीट दिसत नाही, म्हणून मी हे लिहू शकते आहे. माझी मुलगी मोबाइलवर काही खेळत असली आणि त्यातून नाण्यांचा आवाज आला की आई तिला जवळ बोलावते आणि तीच गोष्ट सांगते. काल संध्याकाळीही सांगत होती. "आमी रोज ठेवू, तुझो मामा रोज न्हेय. एक दिवस तेका रिकामो धाडूक नाय आमी. इचार तुझ्या आवशीक." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, "हो, खरं आहे."